तीस तास आणि पहिले मिनिट

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे द्रावण निघाले, आणि तेही थोडेथोडके नव्हे, जवळजवळ निम्मे. बनवणाऱ्याचा दोष किती, तपासणाऱ्याचा किती आणि लिहून देणाऱ्याचा किती, हे न्यायालय ठरवील. पण त्यानंतर डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी जो वाद पेटला त्याचे पडसाद आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातही उमटले, आणि तो वाद ज्या रीतीने घातला जात आहे ती पाहून लिहायला बसावे लागले. एक पक्ष म्हणतो, पदवी हातात पडली की डॉक्टर पुस्तक उघडत नाहीत. तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे सीएमईचे, म्हणजे पदवीनंतरच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे, तीस तास दुप्पट करा, परीक्षा घ्या, नापास होईल त्याची नोंदणी रद्द करा. दुसरा पक्ष म्हणतो, ही नुसती सह्यांची जत्रा आहे. ती बंदच करा, ज्याला शिकायचे तो आपला आपण शिकतोच. दोन्ही पक्ष हिरिरीने भांडतात, आणि भांडताना दोघेही मोजतात ते तासच.

माझे मत आधीच सांगून टाकतो. तासांची अट राहावी. मात्र ते तास हॉटेलच्या सभागृहातून उठवून वॉर्डात आणि लेबर रूममध्ये आणावेत. एकट्या बालरोगतज्ज्ञाच्या खात्यावर न मांडता मुलाला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला यावेत. आणि आई ज्या भाषेत पोराचे दुखणे सांगते त्या भाषेत व्हावेत. एवढे होणार नसेल तर तीसचे साठ केले काय आणि शून्य केले काय, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात जन्मणाऱ्या बाळाला त्याचे सोयरसुतक नाही.

मूळ नियम २००२ चा आहे. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेने डॉक्टरांनी दर ५ वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे असे सांगितले, आणि कर्नाटक काय, महाराष्ट्र काय, दोन्हीकडच्या परिषदांनी नोंदणीचे नूतनीकरण त्याला जोडले. हिशोब केला तर वर्षाला ६ तास, म्हणजे वर्षातून एक रविवार. तो रविवार कसा जातो हे मी तीस वर्षे आतून पाहत आलो आहे. सकाळी दहाला सभागृहाबाहेर टेबल, टेबलावर नोंदवही, नोंदवहीपुढे रांग. सही केली की पिशवी मिळते. पिशवीत पेन, पॅड आणि कुठल्यातरी सिरपची पत्रके. आत थंडगार अंधारात पडद्यावर एखाद्या अतिदुर्मिळ आनुवंशिक आजाराचा नवा उपचार उलगडत असतो. वक्ते विद्वान असतात, तयारी करून आलेले असतात, त्यांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या आजाराचा एकही रुग्ण माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या दारात आलेला नाही त्याची मात्रा मी ऐकत बसलेला असतो, आणि त्याच वेळी माझ्या दवाखान्यात सिस्टर एकटी असते. दुपारी जेवण, जेवणात आमचा बेळगावी कुंदा, आणि कुंद्यानंतर सभागृह अर्धे रिकामे. ६ तास मात्र सगळ्यांच्या नावावर पुरे जमा होतात.

मग बंदच करा म्हणणाऱ्यांचे काय चुकले? त्यांचे चुकते ते या समजुतीत, की सक्तीचे शिक्षण बंद केले म्हणजे शिक्षणच थांबते आणि उरते ती डॉक्टरची स्वतःची जिज्ञासा. तसे होत नाही. जागा मोकळी राहत नाही. तिथे दुसरा शिक्षक येऊन बसतो. माझेच उदाहरण देतो, कारण दुसऱ्याचे देणे सोपे असते. प्रॅक्टिसच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तापाने फणफणलेल्या मुलांना मी निमेसुलाईड सर्रास लिहीत होतो. ताप चटकन उतरायचा, आईबाप खूश व्हायचे, आणि पॅरासिटामॉल लिहिणारा शेजारचा डॉक्टर कमी हुशार ठरायचा. हे औषध मला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते. दर पंधरा दिवसांनी बॅग घेऊन येणाऱ्या एमआरने, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीने, शिकवले होते, आणि मी ते मन लावून शिकलो होतो. यकृतावर होणाऱ्या परिणामांची चर्चा परदेशात केव्हाची सुरू होती. आपल्याकडे १२ वर्षांखालच्या मुलांना ते देण्यावर बंदी आली २०११ मध्ये. म्हणजे माझे निरंतर शिक्षण त्या सगळ्या काळात निरंतर चालूच होते. शिक्षक तेवढा वेगळा होता.

दुसरे असे की बालवैद्यकात नवे शिकण्यापेक्षा जुने सोडणे अवघड जाते, आणि जुने आपले आपण सुटत नाही. आम्ही विद्यार्थी असताना न रडणाऱ्या नवजात बाळाला शंभर टक्के ऑक्सिजन देणे हा धर्म होता; २०१० पासून मार्गदर्शक सूचना सांगतात की पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेने करावी. वजनाने कमी असलेल्या बाळाला आईपासून उचलून वॉर्मरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली, ठेवणे ही काळजीची परिसीमा वाटायची. बोगोटात १९७८ च्या सुमारास वॉर्मर आणि खाटा अपुऱ्या पडल्या म्हणून बाळाला आईच्या छातीशी बांधण्याची जी युक्ती निघाली, तिला आम्ही कितीतरी वर्षे गरिबांचा नाइलाज मानत राहिलो. २०२१ मध्ये पाच देशांत झालेल्या चाचणीने दाखवले की अशी बाळे जन्मल्याबरोबर आईच्या कुशीत ठेवली तर मृत्यू सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होतात. अत्यवस्थ मुलाला भराभर सलाईन सोडणे हीही अशीच एक निर्विवाद गोष्ट होती. २०११ मध्ये आफ्रिकेतल्या चाचणीत असे सलाईन दिलेली मुले न दिलेल्यांपेक्षा अधिक संख्येने दगावलेली दिसली, तेव्हा जगभरच्या बालरोगतज्ज्ञांची झोप उडाली. ‘ज्याला शिकायचे तो शिकतोच’ म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. आपण जे करतो आहोत तेच चुकीचे आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो शिकायला जाईल कशाला?

आता तास वाढवा म्हणणाऱ्यांकडे वळू. त्यांच्या विरोधातला सर्वांत बळकट पुरावा त्यांना ठाऊक नसतो, आणि गंमत म्हणजे तो आपल्याच जिल्ह्यात तयार झालेला आहे. जगभरच्या सीएमई सभांवरील चाचण्या एकत्र मांडून २००९ मध्ये जो आढावा निघाला, त्यात डॉक्टरांच्या प्रत्यक्ष वागण्यातली सुधारणा सुमारे ६ टक्क्यांची दिसली. नुसत्या भाषणांपेक्षा हाताने करायच्या आणि चर्चेच्या सत्रांची भर पडली की फायदा थोडा वाढतो, एवढेच. हे झाले सर्वसाधारण. बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी गेली वीस-पंचवीस वर्षे आंतरराष्ट्रीय सहकार्याने माता-बालकांवर जे काम केले आहे, त्याची इथल्या वादात कोणी आठवणही काढत नाही. सहा देशांतल्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले तिच्यात बेळगावही होते. प्रसूती करणाऱ्यांना नवजात बाळाच्या प्राथमिक काळजीचे प्रशिक्षण दिल्यावर पहिल्या सात दिवसांतले बालमृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. पुढे काही भागांत अधिक सविस्तर पुनरुज्जीवन प्रशिक्षण, म्हणजे बाळाचा श्वास सुरू करण्याचे शिक्षण, दिले गेले; त्यानेही वेगळी भर पडली नाही. तास वाढवा म्हणणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

पण त्याच चाचणीत एक आकडा हलला, आणि तो हलला म्हणून मी निराश नाही. मृतजन्मांचे प्रमाण हजारी २३ वरून १६ च्या आसपास आले. नंतर बेळगावच्या ग्रामीण आरोग्य केंद्रांत आणि दवाखान्यांत प्रसूती करणाऱ्या सुमारे ६०० जणांना ‘बाळाला श्वास घेऊ द्या’ अशा आशयाचे छोटे, हाताने करायचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही मृतजन्म ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. प्रशिक्षणाने मेलेली बाळे कशी जिवंत होतील? अर्थ सरळ आहे आणि तो लेबर रूममध्ये उभे राहिलेल्या माणसाला लगेच कळतो. न रडणारे, निळसर, लुळे पडलेले बाळ पूर्वी ‘मेलेलेच जन्मले’ म्हणून कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवले जात होते. आता कोणीतरी त्याला पुसून कोरडे केले, पाठ चोळली, मास्क लावला, श्वास देणारा फुगा दाबला, आणि त्यातल्या काहींनी श्वास घेतला. हे घडले ते व्याख्यानाने घडलेले नाही. पाणी भरले की नवजात बाळाइतकी जड होणारी एक बाहुली, एक मास्क, एक फुगा आणि हात धरून दाखवणारा एक माणूस, एवढ्यावर घडले.

याच मालिकेतली तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बेळगाव, नागपूर आणि केनियातील एल्डोरेट इथे अशाच प्रशिक्षणानंतर काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा कागदावरची उत्तरे बहुतेकांना येत होती, पण हात घसरले होते. उजळणी झाली की हात परत बसत. पोहणे विसरत नाही म्हणतात. फुगा दाबणे विसरते. याचे कारणही फार खोल नाही. ज्या छोट्या दवाखान्यात महिन्याला वीस बाळंतपणे होतात तिथे खरोखर फुग्याची गरज पडेल असे बाळ महिन्यातून फार तर एखादे, आणि ते त्याच सिस्टरच्या पाळीत येईल असेही नाही. म्हणजे दोन दिवसांचे उत्तम प्रशिक्षण घेऊन आलेली सिस्टर पहिल्या खऱ्या बाळासमोर उभी राहते ती कधीकधी आठ महिन्यांनी, रात्री अडीचला. आणि तिच्या हाताशी वेळ असतो एका मिनिटाचा. जन्मल्यापासून एका मिनिटाच्या आत श्वास दिला गेला पाहिजे. त्याला सोनेरी मिनिट म्हणतात. ३० तासांचे गणित मांडणाऱ्यांनी या एका मिनिटासमोर ते मांडून दाखवावे.

एका रात्री मी स्वतः काय पाहिले ते सांगतो. तालुक्याच्या गावातले एक छोटे नर्सिंग होम. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी पन्नास असतील. मला बोलावणे आले, मी पोहोचेतो चार मिनिटे झालेली. अँबू बॅग, म्हणजे तोच श्वास देणारा फुगा, कपाटात वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला चिकटपट्टी. सिस्टरने ती फाडून काढली होती आणि जिवाच्या आकांताने दाबत होती. दाबण्याचा वेग बरोबर, तोंडाने मोजणेही बरोबर, पण बाळाची छाती हलत नव्हती. मास्क मोठा होता. नाकाच्या मुळाशी बसून हनुवटीच्या टोकाशी संपायला हवा तो हनुवटीच्या खाली उतरला होता आणि सगळी हवा कडेने निसटत होती. लहान मास्क त्याच पिशवीत तळाशी होता. मान जरा सरळ केली, मास्क बदलला, तिसऱ्या दाबाला छाती उचलली गेली. सिस्टरकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र होते, भिंतीवर फ्रेममध्ये लावलेले. तिच्या ज्ञानात खोट नव्हती. ती मास्कची पिशवी आठ महिन्यांत कोणी उघडलेली नव्हती. आणि त्या नर्सिंग होमच्या मालक डॉक्टरांचे ३० तास कधीच पुरे झालेले होते.

इथून दुसरा मुद्दा आपोआप पुढे येतो. शिकायचे कोणी? आपल्या वादात ‘बाल-आरोग्यातले व्यावसायिक’ म्हणजे एमडी किंवा डीसीएच पदवीचे बालरोगतज्ज्ञ असे धरून चालले जाते. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीपासून पुढे घाटमाथ्याच्या रानातल्या ज्या वस्त्यांचा रस्ता पावसाळ्यात ओढ्याखाली जातो, तिथल्या मुलाला पहिल्यांदा कोण पाहते? आशा पाहते, एएनएम म्हणजे उपकेंद्राची परिचारिका पाहते, आयुर्वेदाची पदवी घेतलेले बीएएमएस डॉक्टर पाहतात, आणि बऱ्याच वेळा मेडिकल दुकानातला मुलगा पाहतो. छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने सूचना काढली, की २ वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि ५ वर्षांखाली ती साधारणतः लागतच नाहीत. सूचना योग्यच आहे. पण खोकल्याची बाटली आमच्याकडे चिठ्ठीवर कमी आणि ‘परवाची ती लाल द्या’ असे सांगून अधिक खपते. ती सूचना त्या काउंटरमागच्या मुलाला कोणी समजावून सांगितली? वैद्यक परिषदेच्या ३० तासांत तो बसत नाही. आशा बसत नाही, सिस्टरही बसत नाही, आणि बीएएमएस डॉक्टरांची परिषदच वेगळी.

यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो घेणारे माझे मित्रच आहेत. ते म्हणतात, या सगळ्यांना औषधोपचार शिकवलेत तर गावोगाव अर्धवट डॉक्टर तयार होतील. बोगस डॉक्टरांचा सुळसुळाट कमी आहे काय, की आपण त्यांना प्रमाणपत्रे वाटायची? ही भीती मी झटकून टाकत नाही. स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन दम्याच्या पोराला ‘एका सुईत बरे’ करणारे महाभाग मी पाहिले आहेत. पण जरा मागे वळून पाहू. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांतून ठेवले आणि ते पाजायला लावले रुग्णांच्या नातेवाइकांना. छावण्यांत ३० टक्क्यांपर्यंत गेलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. तेव्हाही तज्ज्ञांनी मान हलवलीच होती, की अडाणी माणसांच्या हाती उपचार देणे धोक्याचे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या, थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरीच इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला होता. आणि दूर कशाला जा, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएमनी बाळंतिणींना रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, आणि २००६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव गोळी न मिळालेल्यांत १२ टक्के, तर मिळालेल्यांत ६.४ टक्के दिसला. या तिन्ही ठिकाणी शिकवलेली गोष्ट एकच आणि नेमकी होती, मर्यादा ठरलेली होती, आणि शिकवणारा पुन्हापुन्हा येऊन तपासत होता. बोगस डॉक्टर तयार होतो तो शिकवल्याने नव्हे. एकदाही न तपासता वाऱ्यावर सोडल्याने.

ओआरएसचा, म्हणजे त्याच मीठ-साखरेच्या पाण्याचा, उरलेला इतिहास मात्र आपल्याला खाली मान घालायला लावणारा आहे. बनगावनंतर पन्नास वर्षांनी, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळाले ते सुमारे ६० टक्क्यांना, आणि झिंकच्या गोळ्या जेमतेम ३० टक्क्यांना. झिंक द्यावे हे जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्येच सांगितले आहे. हे बालरोगतज्ज्ञाला ठाऊक नाही काय? ठाऊक आहे, परीक्षेत विचारले तर शंभर टक्के उत्तर येईल. मग अडते कुठे? अडते ते पुडी हातात देताना ‘एक लिटर पाण्यात, सगळी एकदम, आणि चमच्याचमच्याने’ हे सांगणाऱ्या माणसापाशी. ते काम बहुतेक ठिकाणी कंपाउंडर करतो, आणि त्याला कोणत्याही सीएमईचे बोलावणे नसते.

आता भाषेचा मुद्दा. आमच्या भागात हा शब्द उच्चारला की दोन्ही बाजूंचे झेंडे बाहेर निघतात. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. तो निकाल लागायचा तेव्हा लागो. न्यूमोनिया तोवर थांबत नाही. माझा प्रश्न राजकारणाचा नाही, कानाचा आहे. जांबोटीकडची आई दारात येते आणि म्हणते, ‘डॉक्टर, पोराचं पोट उडायलंय, अंगावर प्यायला बघीना.’ ग्रामीण सेवेसाठी नव्याने आलेले, दक्षिण कर्नाटकातले एक तरुण डॉक्टर, अतिशय कष्टाळू आणि सज्जन मुलगा, यांनी हे ऐकून पोट तपासले, पोट मऊ लागले, आणि गॅसचे थेंब लिहिले. त्या बाईने न्यूमोनियाचे धोक्याचे लक्षण स्वच्छ मराठीत सांगितले होते, की श्वास घेताना पोराच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आहे. ‘टाळू बसली’ म्हणजे अंगातले पाणी आटले आहे, ‘डोळं फिरवलं’ म्हणजे झटका आला होता, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या मराठी सिस्टरला बैलहोंगलकडची कन्नड आई ‘उब्बस’ म्हणते तेव्हा दम लागला हे कळले पाहिजे, ‘भेदी’ म्हणजे जुलाब हे कळले पाहिजे, आणि दखनी बोलणाऱ्या आईचेही. शिक्षण मातृभाषेत द्या म्हटले की हुशार माणसे विचारतात, अमॉक्सिसिलीनला मराठीत काय म्हणणार? काहीही म्हणू नका, अमॉक्सिसिलीनच म्हणा. प्रश्न औषधाच्या नावाचा नाही. पोट उडणे म्हणजे काय हे दाखवून, उघड्या छातीकडे बोट करून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावणे, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५० आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० ही धोक्याची रेषा डोक्यात बसवणे, हे इंग्रजी स्लाइडवरून होत नाही.

याने दर्जा घसरतो, असे म्हणणाऱ्यांना इतिहासाची आठवण द्यावीशी वाटते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले ते इंग्रजीतून. पण पुढच्या वीस वर्षांच्या आत तिथे देशी भाषेतून शिकवणारे वर्ग काढावे लागले, कारण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दवाखान्यांना माणसे हवी होती. इंग्रज सरकारला जे तेव्हा कळले ते आपल्याला आता पुन्हा कळावे लागते आहे. बरे, यासाठी नव्याने भाषांतराचे कारखाने उघडायची गरज नाही. आशांना नवजात बाळाची काळजी शिकवणारी पुस्तके महाराष्ट्रात मराठीत आहेत, कर्नाटकात कन्नडमध्ये आहेत. महाराष्ट्रातली शिनोळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. चंदगडची बाळे उपचाराला बेळगावात येतात, रोज येतात. पुस्तकेच तेवढी येत नाहीत. हद्दीच्या या बाजूच्या मराठी आशेच्या हातात कन्नड पुस्तकाबरोबर मराठी पुस्तकही ठेवले तर कोणत्या राज्याची अस्मिता दुखावेल?

पैशांविषयी थोडक्यात, कारण त्यात म्हणण्यासारखे फार नाही. औषध कंपन्या हात आखडता घेतील तर सीएमई होणारच नाहीत, हे खरे आहे. सभागृह, जेवण, वक्त्यांचे विमान, हे संघटनेच्या वर्गणीत बसत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ च्या नियमांत कंपन्यांच्या प्रायोजकत्वाखालच्या शिक्षणाला बंदी घातली होती, आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित करावे लागले, यावरून ती गाठ किती घट्ट आहे ते दिसते. पण खर्च येतो तो सभागृहाचा. बाहुली एकदा घेतली की वर्षानुवर्षे चालते, पाणी नळाला येते, आणि शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टरना विमान लागत नाही. बेळगावात दोन-दोन मोठी शिक्षण-रुग्णालये आहेत. त्यांच्या बालरोग विभागातल्या एखाद्याने महिन्यातून एकदा आपल्या तालुक्यात यावे, तिथल्याच मागच्या महिन्यातल्या एका दगावलेल्या आणि एका वाचलेल्या बाळाची फाइल उघडावी आणि डॉक्टरपासून आयापर्यंत सगळ्यांना समोर बसवावे. दोष काढायला नव्हे. तसा वास जरी आला तरी पुढच्या वेळी फाइल सापडणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

शेवटी उरतो तो वेळ, आणि हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला बाहेर काढून शिकवायला नेले तर तेवढा वेळ त्या गावात डॉक्टर नसतो. सिस्टरला दोन दिवस प्रशिक्षणाला पाठवले तर पाळ्या कोण करणार? मी स्वतः कित्येकदा याच कारणाने नकार दिला आहे. म्हणून आमच्याकडे गेले वर्षभर एक साधी गोष्ट करून पाहतो आहोत. दर मंगळवारी दुपारी दोनला पाळी बदलते तेव्हा जाणाऱ्या आणि येणाऱ्या सिस्टर एकत्र असतात. तेवढ्यात मी म्हणतो, ‘सिस्टर, बाळ रडत नाही.’ मग बाहुली टेबलावर येते, कोणीतरी घड्याळ लावते, पिशवी उघडते, मास्क निवडला जातो. कधी झडप चिकटलेली निघते, कधी सक्शनची नळी जागेवर नसते, तर परवा सगळ्यात धाकट्या सिस्टरने मलाच थांबवले, ‘सर, मान जास्त मागं गेली.’ गेली होती. चूक दुरुस्त करून, पिशवी बांधून, सगळे दहा मिनिटांत आपापल्या कामाला लागतात. याला क्रेडिट मिळत नाही, कारण निरीक्षक नाही, नोंदवही नाही, आणि शिकणाऱ्यांतल्या बहुतेक जणींची परिषदच वेगळी आहे. तास वाढवा म्हणणाऱ्यांनी आणि बंद करा म्हणणाऱ्यांनीही हिशोब करून पाहावा: आठवड्याला १० मिनिटे म्हणजे वर्षाला ५२० मिनिटे, आणि ५ वर्षांत ते ४३ तास होतात.